कात्रणाच्या कडा

लिंबायत, सुरत
८ नोव्हेंबर १९९४

हिलालअण्णा,

नमस्कार. दिवाळी झाली. धनश्रीने करंज्या केल्या आणि सगळ्या गल्लीत वाटून टाकल्या, घरात एकही ठेवली नाही. मी विचारलं, तर म्हणाली, "बाबा, खाणारी तिकडे आहे." खाणारी म्हणजे तुमची नात मयुरी. वय दीड वर्ष. ती तुमच्या गावी, तिची आई माझ्या घरी, आणि मधे तुम्ही.

तुम्ही मुलाकडचे, मी मुलीकडचा, तेव्हा मी खालच्या आवाजात लिहायला हवं. प्रयत्न करतो. पण आयुष्यभर म्युनिसिपालिटीच्या मराठी शाळेत पोरांवर ओरडून आणि चौकातल्या फळ्यावर रोज टवाळ बातम्या लिहून माझी जीभ बिघडली आहे, हे तुम्ही लग्नातच ओळखलं होतं. "मास्तर, तुमच्या पोरीची जीभ तुमच्यावर गेली नाही ना?" असं तुम्ही भर मांडवात विचारलंत. नाही गेली. गेली असती, तर त्या दिवशी एसटीच्या दारात ती गप्प उभी राहिली नसती.

त्या दिवशीचं तुम्हाला माहीत आहे, पण मी कसं ऐकलं ते सांगतो. प्लेगची पळापळ शमली, दुकानं उघडली, कारखान्यांचे खटखट आवाज परत सुरू झाले, तेव्हा धनश्री मुलीला भेटायला तुमच्याकडे निघाली. फाट्यावर तुम्ही उभे. तुम्ही तिला हात धरून अडवलं नाही, तुम्ही सभ्य माणूस. तुम्ही एवढंच म्हणालात, "पोरी, गावाचं मन अजून साफ नाही. याच गाडीने माघारी जा." तिने मयुरीसाठी आणलेलं झबलं तुमच्या हातात दिलं. तुम्ही ते कडुनिंबाच्या पाल्यात गुंडाळून घेतलंत म्हणे. कंडक्टरने परतीचं तिकीट फाडलं.

हे सगळं एका चित्रामुळे. तुमच्याकडे रोज सकाळी शिंदखेड्याच्या एसटीने पेपर येतो. तुम्ही मारुतीच्या ओट्यावर बसता आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना, शिवाय ज्यांना येतं पण तुमच्या आवाजात ऐकायला आवडतं त्यांनाही, पहिल्या पानापासून कापसाच्या भावापर्यंत वाचून दाखवता. गावाला तुमचा आवाज म्हणजेच पेपर. त्या सकाळी तुम्ही चित्राखालची ओळ वाचलीत: "सुरतेत मृत्यूचे थैमान. प्लेगने ग्रासलेली तरुणी रस्त्यावर अखेरच्या घटका मोजताना." मग नेहमीसारखा पेपर फिरवून सगळ्यांना चित्र दाखवलंत. आणि लोटू सुताराने बोट ठेवलं: "अण्णा, रुमालवर नाव शे. संदीप. हाई ते तुमनी सून शे!"

लोटू आता इकडे उधन्याला कामावर परत आला आहे. त्यानेच सांगितलं. सांगताना त्याची मान खाली होती.

तिच्या तोंडावरचा तो रुमाल संदीपरावांच्या आईने, शोभाबाईंनी, लग्नात माझ्या जावयाला, चुकलो, तुमच्या मुलाला भरून दिलेला. लाल दोऱ्यात ठसठशीत नाव. अण्णा, त्या अख्ख्या चित्रात आणि त्याखालच्या ओळीत खरा शब्द एकच होता, आणि तो एका बाईने सुईने लिहिला होता. बाकीचं पेपरवाल्याचं.

धनश्री आजारी नव्हती. शेजारच्या उषाबाई तापाने फणफणल्या होत्या, त्यांना घेऊन ती मोठ्या दवाखान्यात गेली होती. रांगेत उभं राहून थकली, भिंतीला टेकून खाली बसली, डोळे मिटले. एवढंच झालं. उषाबाईंचा ताप मलेरियाचा निघाला.

पोरीला पाठवू का, एवढं लिहा.

आपला,
योगराज


लिंबायत, सुरत
२४ नोव्हेंबर १९९४

हिलालअण्णा,

पोस्टकार्ड मिळालं. पोस्टकार्डावर लिहिलंत ते बरं केलंत. पोस्टमनने वाचलं, चहावाल्याने वाचलं, सगळ्यात शेवटी मी वाचलं.

तुम्ही म्हणता, "पोटचं पोर गाडीत टाकून शेजारणीसाठी मागे राहणारी बाई आमच्या घराला समजत नाही." आणि पुढे, "पेपर कशाला खोटं छापेल? त्याचं आपल्याशी काय वैर?"

पहिल्या वाक्याचं आधी. "गाडीत टाकून" हे तुम्हाला कोणी सांगितलं? संदीपराव तर तसं म्हणणार नाहीत. भित्रे असतील, खोटारडे नाहीत. प्लेगच्या पळापळीत स्टेशनवर सगळी सुरत लोटली होती. भुसावळच्या गाडीच्या दारात पाय ठेवायला जागा नव्हती. संदीपराव कसेबसे खिडकीतून आत गेले. धनश्रीने मयुरीला खिडकीतून त्यांच्या हातात दिलं. मग ती दाराकडे धावली. दार माणसांनी बंद झालं होतं. गाडी हलली. संदीपरावांनी खिडकीतून रुमाल फेकला आणि ओरडले, "तोंडाला बांध!" बायकोला देण्यासारखं तेवढंच त्यांच्या हातात होतं. त्याला टाकणं म्हणत नाहीत, अण्णा. तुम्ही त्यांना विचारा. ते हल्ली सुरतेबाहेर सचिन गावात कामावर असतात, शनिवारी आमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत येतात, पानाच्या टपरीशी उभे राहतात आणि परत जातात. वडिलांचा शब्द मोडायचा नाही म्हणून पान खातात.

आता पेपरचं. वैर नाही, हे मान्य. वैर असतं तर बरं होतं, वैऱ्याचं माणूस तपासून तरी घेतो. तुम्हाला एक गंमत सांगतो. त्या आठवड्यात आमच्या गल्लीत कोणीतरी म्हणालं की तापीच्या पाण्यात विष कालवलंय. कोण म्हणालं ते कोणालाच माहीत नाही. पण ऐकलं सगळ्यांनी. ऐकलेली माणसं गाडीत बसून नंदुरबारला उतरली. तिथे फलाटावर एक बातमीदार उभा. त्याने विचारलं, "काय हाल आहेत?" माणसं म्हणाली, "पाण्यात विष आहे." त्याने लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी ते छापून आलं, आणि तो पेपर एसटीने आमच्या लिंबायतच्या स्टॉलवर आला. आमच्याच गल्लीतल्या सखारामने तो माझ्या नाकासमोर धरला: "पाहा मास्तर! तुम्ही अफवा अफवा म्हणत होता. आता तर आपल्या पेपरात आलं!" गुजराती पेपर दारात येतो, त्यावर त्याचा विश्वास नाही. शंभर कोसांवरून येतो तो आपला. आमचंच उष्टं बोलणं खानदेशात जाऊन शाई लावून परत आलं, आणि आम्ही ते प्रसादासारखं कपाळाला लावलं. लोक दोन दिवस पाण्यावाचून राहिले. त्यात पेपरचं वैर कुठे आहे?

तुम्ही रोज वाचता, म्हणून तुम्हाला विनंती. "समजते" असं छापलेलं दिसलं की ओट्यावर मोठ्याने विचारा, कोणाला समजते? "असे बोलले जाते" दिसलं की विचारा, कोण बोललं, आणि बोलताना तो कुठे उभा होता? वाचणाऱ्याला एवढा अधिकार असतो.

मयुरी चालताना अजून डावीकडे कलते का? धनश्री विचारत होती. विचारून लगेच म्हणाली, "लिहू नका ते."

योगराज


लिंबायत, सुरत
११ डिसेंबर १९९४

हिलालअण्णा,

सोबत कात्रण आहे. तुमच्या पेपरला मी पत्र घातलं होतं. त्यांनी खुलासा छापला. पान सहावं, "हरवले आहेत" आणि भांड्यांच्या सेलची जाहिरात यांच्या मधे. "सदर तरुणी रुग्ण नसून रुग्णासोबत आल्याचे कळविण्यात आले आहे." चूक झाली असं म्हटलेलं नाही. कळवण्यात आलं आहे. म्हणजे उद्या तेही खोटं निघालं तर कळवणाऱ्याच्या डोक्यावर.

तुमचं उत्तर येण्याआधीच लोटूकडून कळलं की तुम्ही हा खुलासा पाहिला होता. त्याच दिवशी पाहिला होता आणि ओट्यावर वाचला नाहीत. लोटूच्या काकाने विचारलं, "अण्णा, सहावं पान सोडलं का?" तर तुम्ही म्हणालात, "एवढं बारीक गावाला ऐकू येत नाही."

मी रागावून फळ्यावर काहीतरी लिहिणार होतो. खडू हातात घेतला होता. मग मला तुमचं खरं दुखणं दिसलं. त्या सकाळी गावाला ती ओळ पेपरने नाही ऐकवली, तुम्ही ऐकवलीत. तुमच्या घोटीव आवाजात. आता ती खोटी म्हणायची, तर तो आवाज खोटा पडतो. उद्या पावसाचा अंदाज वाचलात तरी कोणीतरी मागून हसेल. सून घरात घ्यायची तर ती खोकली तरी गाव म्हणेल, अण्णांनीच वाचलं होतं ना. प्लेगची भीती केव्हाच गेली, अण्णा. आता तुमच्या दारात उभी आहे ती तुमची अब्रू आहे, आणि दीड वर्षाचं पोर तिच्या पलीकडे बसलंय.

मी सांगतो म्हणून विश्वास ठेवू नका. मीही एक बाजूच आहे. चित्र तुमच्याकडे असेल, नसेल तर शोभाबाईंना विचारा. ते उजेडात धरा आणि मधल्या बाईकडे पाहू नका. तिच्याकडे पाहा असं पेपरवाल्याचं म्हणणं आहे, म्हणून तिला त्याने मधे ठेवलंय. तुम्ही कडा पाहा. चित्र कुठे कापलंय, कापलेल्या जागी काय होतं, का कापलं असेल. पेपरवाल्याची कात्री जिथे चालते तिथेच खरी बातमी पडलेली असते. शाळेत मी पोरांना हल्ली हेच शिकवतो, भूगोल बाजूला ठेवून. मुख्याध्यापकांची तक्रार आहे.

पाहा आणि लिहा.

योगराज


लिंबायत, सुरत
२६ डिसेंबर १९९४

हिलालअण्णा,

तुमचं कार्ड आलं. चार ओळींचं. ते मी इथे उतरवून काढतो, म्हणजे उद्या दोघांनाही नाकारता येणार नाही.

"मास्तर, सांगितल्याप्रमाणे शिंदखेड्याच्या वाचनालयात तो अंक काढून कडा पाहिल्या. डाव्या कोपऱ्यात खाली एक पाऊल आहे. कोणीतरी आडवं पडलेलं. पायात पांढरा कॅनव्हासचा बूट. उषाबाई पी.टी. शिकवतात का?"

मी हे चौकात उभ्याने वाचलं आणि तिथेच फळ्याच्या कठड्यावर बसलो. सखाराम म्हणाला, "काय झालं मास्तर? कोणी गेलं का?"

म्हटलं, "नाही. सापडलं."

माझे ते बूट तुम्ही विसरणं शक्य नव्हतं. लग्नात कोऱ्या धोतराखाली तेच घातले म्हणून तुमच्या सगळ्या भावकीने माझी यथेच्छ हजामत केली होती.

तर ऐका. उषाबाईंना ताप आलाच नव्हता. ताप मला आला होता. धनश्री स्टेशनवरून रडत घरी आली, सकाळच्या गाडीने जायचं म्हणून तिने पिशवी भरली, आणि सकाळी मी अंथरुणातून उठलो नाही. अंगात हुडहुडी, तोंडाने बडबड. गल्ली रिकामी झालेली. मी तिला म्हटलं, "तू जा, पोर वाट पाहील." ती म्हणाली, "पोरीजवळ बाप आहे, आजी आहे, आजोबा आहेत. तुमच्याजवळ कोण आहे?" मला हातगाडीवर घालून दवाखान्यात नेलं. रांगेत मी आडवा झालो, पाय बाजूच्या पायरीवर. तिने माझं डोकं मांडीवर घेतलं. तेवढ्यात फोटो निघाला. तिच्या मांडीवर मी होतो, अण्णा. पेपरवाल्याने खालून मला कापलं, पायरीवरचं पाऊल तेवढं राहिलं. पिकलेल्या मिश्यांचा म्हातारा तापाने पडलाय, यात बातमी कसली? तरुण बाई एकटी भिंतीला टेकलीय, ही बातमी. माझा मलेरिया होता एवढं मात्र खरं लिहिलं होतं, फक्त उषाबाईंच्या नावावर.

पेपरवाल्याने मला कापलं ते जागेसाठी. मी मला कापलं ते भीतीने. म्हटलं, घरातच आजारी निघाला हे तुम्हाला कळलं, तर तुम्ही म्हणाल, ज्या घरात रोग त्या घरची पोर नको. उषाबाईंना विचारलं, तर त्या हसून म्हणाल्या, "लावा माझं नाव मास्तर. माझं कुठं आता लग्न मोडायचंय?" आणि मी तुम्हाला तीन पत्रांत वाचायला शिकवत बसलो.

त्याची किंमत कोणी दिली, ते तुमच्याच पहिल्या कार्डावर लिहिलेलं आहे. शेजारणीसाठी पोर सोडणारी बाई. ती बाई मी तयार केली. पेपरने तिला आजारी केलं होतं. निर्दय मी केलं. धनश्रीने ते कार्ड वाचलं होतं. तेव्हा तिने ते घडी घालून फळीवर ठेवलं. काल तुमचं हे कार्ड वाचून बोलली, भाकरी थापता थापता, माझ्याकडे न पाहता:

"बाबा, त्याने एकदाच कापलं. तुम्ही प्रत्येक पत्रात कापत होता."

मी म्हटलं, "तुझ्यासाठीच."

"तोही म्हणेल, वाचणाऱ्यांसाठीच."

मी उठलो आणि कोरा कागद काढला.

आता सगळं चित्र तुमच्या समोर आहे, कडांसकट. आजारी मीच होतो. माझ्यासाठी ती थांबली. यानंतर तुम्हाला तिला घरात घ्यायचं नसेल, तर ते माझ्यामुळे, असं गावाला सांगा. हे पत्र ओट्यावर वाचायचं असेल तर वाचा. मी कार्ड न घालता पाकिटात घालतोय ते लपवण्यासाठी नाही. कार्डावर एवढं मावत नाही, म्हणून.

योगराज


लिंबायत, सुरत
२२ जानेवारी १९९५

हिलालअण्णा,

तुमच्या बोलावण्याप्रमाणे संक्रांतीला धनश्रीला तुमच्याकडे सोडून सुखरूप घरी पोचलो. शोभाबाईंच्या तिळाच्या लाडवांतले निम्मे उषाबाईंना दिले. आजारपणाचा मोबदला.

तुमच्यासमोर बोलता आलं नाही ते लिहितो.

तुम्ही माझी पत्रं वाचलीत. शेवटचंच नाही, सगळी. फाट्यावर गाडीतून उतरलो तेव्हा पहिला जो भेटला तो मला म्हणाला, "या मास्तर, अण्णांच्या दारातली अब्रू हलवायला आलात का?" तेव्हा कळलं, की तुम्ही स्वतःबद्दलच्या ओळी गाळल्या नाहीत. "एवढं बारीक गावाला ऐकू येत नाही" हेसुद्धा तुम्ही तुमच्याच घोटीव आवाजात वाचलंत म्हणे. त्यानंतर सहावं पान काढून तो खुलासा वाचलात. मी असतो तर चार ओळी तरी गिळल्या असत्या. तुम्ही एकही गिळली नाहीत, हे मी विसरणार नाही. लोक हसले असतील. हसू द्या. दुसऱ्या दिवशीही ते ऐकायला आलेच ना?

पण पुढचं तुम्ही पाहिलं नाही. धनश्री अंगणात आली तेव्हा तुम्ही गोठ्याकडे तोंड करून उभे राहिलात आणि गाईच्या पाठीवरून उगाच हात फिरवत राहिलात. मी पाहिलं, म्हणून लिहितो.

मयुरी आईकडे आली नाही. शोभाबाईंच्या मागे गेली, पदर तोंडात धरून. धनश्रीने हात पुढे केले. "मयू." पोर रडायला लागली. झबलं दाखवलं, गूळ दाखवला. धनश्रीचा चेहरा मला पाहवेना. ती हसत होती.

मग शोभाबाई आत गेल्या आणि पिठाच्या डब्यामागून ते कात्रण घेऊन आल्या. तेलाचे डाग पडलेलं, घड्यांवर फाटत आलेलं. म्हणाल्या, "व्याहीदादा, रागावू नका. ह्यांनी पेपर चुलीत घालायला सांगितलं होतं. मी तेवढं कापून ठेवलं. रोज पोरीला दाखवायची, ही तुझी माय, ही तुझी माय. ती पापा घ्यायची. दुसरा फोटो कुठं होता घरात? लग्नाचे सगळे सुरतेला."

सगळा गाव ज्या चित्राला घाबरत होता, त्या चित्राचा तुमच्या घरात एक पोर रोज पापा घेत होती, आणि तुम्हाला माहीत नव्हतं.

धनश्रीने ते कात्रण पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग कमरेला खोचलेला रुमाल काढला, तोच, आणि तोंडावर बांधला. नाव समोर येईल असा. भिंतीला पाठ लावून खाली बसली आणि डोळे मिटले. अगदी त्या चित्रातल्यासारखी. त्या चित्रासारखाच याही वेळी मी त्यात नव्हतो; जाऊन शेजारी बसलो असतो तर तेवढी चूक दुरुस्त झाली असती, पण मी कडेलाच उभा राहिलो.

मयुरीचं रडणं थांबलं. ती पदराआडून बाहेर आली. डावीकडे कलत कलत चालत गेली, रुमालावरच्या लाल अक्षरांवर बोट ठेवलं, आणि म्हणाली, "माय."

धनश्रीने डोळे उघडले नाहीत. रुमालही सोडला नाही. मयुरी तिच्या मांडीवर झोपेपर्यंत ती तशीच बसली. रुमाल भिजला होता.

मी आयुष्यभर लोकांना सांगत आलो की छापलेलं म्हणजे खरं नव्हे. त्या पोरीला कसं सांगायचं, ते मला माहीत नाही. त्याचा धडा मी अजून शिकवलेला नाही.

संदीपरावांना म्हणावं, आता पान पुरे, शनिवारी सरळ गावी जात जा.

आज सकाळी धनश्रीचं कार्ड आलं. चहावाल्याने माझ्याआधी वाचलं आणि कार्ड देताना पहिल्यांदाच चहाचे पैसे घेतले नाहीत. तिने लिहिलंय, रुमाल रोज थोडा थोडा खाली घेते. काल नाकापर्यंत उतरवला. मयू रडली नाही.

तुमचा,
योगराज